तळ्याकाठचे प्रिम्युला

इंग्लंडात, लीड्समधल्या आमच्या घरामागे छोटं तळं आधीपासूनच होतं. त्याच्या काठाला काय लावायचं ते मात्र हॅरोगेटच्या हार्लो कार बागेत ठरलं. तिथल्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना जूनच्या सुमारास कँडेलाब्रा प्रकारचे प्रिम्युला, म्हणजे ओल आवडणारी फुलझाडं, फुलतात. एकाच दांड्यावर फुलांची कडी एकावर एक, थेट देवळापुढच्या दीपमाळेसारखी! किरमिजी, केशरी, पिवळी, जांभळट.

अडचण अशी की ओढ्याचा काठ ओला असतो, लायनरच्या, म्हणजे खड्ड्यात रबरी चादर अंथरून केलेल्या, तळ्याचा नाही. रबरातून थेंबही झिरपत नाही. आमच्या काठाची चिकणमाती तर उन्हाळ्यात दगडासारखी होते. म्हणजे ओल आपणच तयार करायची.

तळ्याला लागून सुमारे ४५ सेंटिमीटर खोल चर खणला. (कंबर अजून आठवण काढते.) तळाशी लायनरचा तुकडा अंथरला आणि त्याला मुद्दाम थोडी भोकं पाडली. या झाडांना मुळाशी सतत ओल लागते, पण हिवाळ्यात साचलेल्या पाण्यात गड्डा बुडून राहिला तर तो सडतो. त्यावर खडीचा थर, मग खणलेलीच माती, त्यात कुजलेल्या पानांचं खत भरपूर. कडक उन्हाळ्यात पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी घालते.

पहिल्यांदा लावला तो कँडेलाब्रांपैकी जपोनिका, मूळचा जपानचा आणि सगळ्यांत सोशिक. डेंटिक्युलाटा हा प्रिम्युला आपल्या हिमालयातला. त्याचे जांभळे गोल गुच्छ मार्च-एप्रिलमध्येच येतात, बाकीचे तेव्हा नुसते जागे होत असतात. पण माझा जीव जडला तो फ्लोरिंडी या प्रिम्युलावर. वनस्पती शोधत फिरणारे इंग्रज फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ मध्ये तिबेटमधून त्याचं बी आणलं आणि पत्नी फ्लोरिंडा यांचं नाव त्याला दिलं. जुलैत तीन-चार फुटी दांड्यांवर पिवळ्या घंटा लोंबतात आणि संध्याकाळी अख्ख्या अंगणात वास सुटतो. कँडेलाब्राचा तोरा मोठा, पण वासाच्या बाबतीत ते याच्या जवळपासही येत नाहीत.

माती ओली असूनही एक जपोनिका अचानक मलूल झाला. उपटून पाहिला तर मुळं जवळजवळ गायब, आणि मातीत पांढुरक्या, वाकड्या अळ्या. वाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या त्या. तेव्हापासून ऑगस्टअखेर, माती उबदार असतानाच, अळ्या मारणारे नेमॅटोड नावाचे सूक्ष्म जंत पाण्यात कालवून घालते. गोगलगायींना मात्र रात्री टॉर्च घेऊन वेचण्यावाचून इलाज नाही.

रोपं वाढवायची तर फुलं सरल्यावर गड्डे सोडवून वेगळे लावता येतात. मला बियांचा मार्ग आवडतो. बोंडं पिकली की लगेच पेरायचं, वर माती न टाकता, कारण बियांना उजेड लागतो. पाकिटातलं जुनं बी असेल तर ट्रे हिवाळाभर बाहेर थंडीत ठेवावा लागतो. वेगवेगळे कँडेलाब्रा शेजारी असले की त्यांचा संकर होतो आणि रोपांचे रंग आईबापांशी जुळतीलच असं नाही. यंदा एक फिकट जर्दाळू रंगाचा निघालाय. त्याचं बी वेगळं काढून ठेवणार आहे.