ब्रिजखालचा इपॉक्सी

ज्या कोणी या गिटारचा ब्रिज, म्हणजे वरच्या फळीवरची तारा अडकवायची पट्टी, माझ्याआधी चिकटवला, त्याला साष्टांग नमस्कार. सुटलेल्या ब्रिजखाली इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा टणक गोंद, भरायचा, वर काहीतरी जड ठेवायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. पुढचं सगळं माझ्या नशिबी आलं. जुनी गिटार घेऊन नीट करायचा विचार असेल तर बाकीच्या कामांना घाबरू नका, ती होतात. ब्रिज मात्र गिटार हातात आल्याआल्या तपासा.

माझी गिटार निनावी होती. डोक्यावरची अक्षरं कुणीतरी खरवडलेली, आतला कागद फाटून नुसता गोंदाचा चौकोन उरलेला. जो तो सांगत होता, सिरीयल नंबर बघ. पण कंपनी माहीत असेल तरच नंबराचा उपयोग. मार्टिनचे नंबर १८९८ पासून ८००० च्या पुढे ओळीने चालत आलेत, म्हणून तिथे नंबरावरून साल काढता येतं. गिब्सनच्या १९७७ पासूनच्या आठ आकडी नंबरात सालाबरोबर वर्षातला कितवा दिवस, तेही असतं. लेबलवर ‘निप्पॉन गाक्की’ दिसलं तर ती यामाहा, आणि १९८७ मध्ये कंपनीचं नाव बदललं त्याच्या आधीची. माझ्या गिटारमध्ये आतल्या ठोकळ्यावर पुसट शिक्क्याचे काही आकडे होते. ते कशाशीच जुळेनात. शेवटी नावाचा नाद सोडला. सोडला ते बरंच झालं, कारण दुरुस्तीला नाव लागत नाही. गिटार स्टीलच्या तारांची की नायलॉनच्या, वरची फळी अखंड लाकडाची की प्लायची, आणि ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक सावरणारी सळई) आहे की नाही, एवढं कळलं की काम सुरू करता येतं.

नायलॉनची गिटार ओळखायला सोपी. नट, म्हणजे डोक्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी, ५० मिलिमीटरच्या आसपास रुंद, डोक्यात आरपार खाचा आणि तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या. स्टीलवालीचा नट ४३ मिलिमीटरच्या आसपास आणि ब्रिजवर बहुधा सहा पिना. हा फरक ओळखल्याशिवाय तारा विकत घेऊ नका. स्टीलच्या १२ ते ५३ च्या (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) संचाचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो, नायलॉनचा साधारण त्याच्या निम्मा. नायलॉनच्या गिटारवर स्टील चढवली की ब्रिज उखडतो, नाहीतर फळी फुगते. प्लाय ओळखायचं ते साउंडहोलच्या, म्हणजे वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या, कडेवर. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरत असतील तर लाकूड अखंड, मध्येच आडवा थर दिसला तर प्लाय. माझी प्लाय निघाली. आवाजात अखंड लाकूड सरस खरं, पण प्लाय सहसा तडकत नाही, आणि पहिल्यांदाच हत्यार चालवणाऱ्याला ते सोयीचंच.

आता ब्रिज. मागच्या कडेखाली साध्या कागदाची पट्टी सरकवून पाहा. आत शिरली तर ब्रिज सुटतोय. माझ्याकडे ती निम्म्यापर्यंत गेली आणि तिथे काहीतरी टणक लागलं. फटीत पुन्हा गोंद भरावा असं कुणालाही वाटेल, आणि मला तसा सल्ला मिळालाही. तो ऐकू नका. सुतारी गोंद लाकडाच्या छिद्रांत मुरून धरतो. वाळलेल्या इपॉक्सीत तो मुरणार कुठे? म्हणजे ब्रिज पूर्ण काढणं आलं.

इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतो. भोवतालच्या पॉलिशवर जाड पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल लावली, प्लास्टिकचं सॅडल (ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पातळ पट्टी) आणि पिना आधी काढल्या, ब्रिजवर इस्त्री धरली आणि पातळ पात्याचा स्पॅच्युला कडेने सरकवत गेलो. कडा सुटल्या. मधला भाग मात्र ढिम्म. पुन्हा गरम, पुन्हा स्पॅच्युला, पुन्हा तेच. माझा पारा इस्त्रीच्या वर गेला होता. शेवटी फोनचा कॅमेरा साउंडहोलमधून आत घालून फोटो काढला, तेव्हा उलगडा झाला. ब्रिज आतून दोन बोल्टनी आवळलेला आणि बोल्टच्या नटांवरही इपॉक्सीचं लिंपण! वर ब्रिजच्या तोंडावर जे दोन पांढरे ठिपके मी शोभेचे समजत होतो, त्यांच्याखाली बोल्टची डोकी. काही कारखाने असे बोल्ट मुळातच घालायचे, त्यामुळे तुमच्या ब्रिजवर ठिपके असतील तर इस्त्री तापवण्याआधी आत डोकावा. ठिपके टोकदार टोच्याने उचकटले. नट हलेनात, म्हणून सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यांना टेकवून ठेवलं. लिंपण मऊ झालं आणि नट फिरले. त्या क्षणी जो आनंद झाला, तो नंतर गिटार वाजल्यावरही झाला नाही.

ब्रिज निघाला. खरी सजा त्यानंतर सुरू झाली. फळीवर आणि ब्रिजच्या पोटावर इपॉक्सीचा पिवळट थर होता. ॲसिटोनने सुपरग्लू विरघळतो, वाळलेला इपॉक्सी नाही, उलट थेंब बाहेर गेला तर पॉलिश खातो. पॉलिश पेपर जोरात घासला तर कडा गोल होतात आणि प्लायचा वरचा पापुद्रा क्षणात संपतो. उरतं फक्त पातं. थोडं गरम करायचं, धारदार पात्याने थोडं खरवडायचं, पापुद्रा उचलला जातोय का ते पाहायचं, थांबायचं. रोज संध्याकाळी बसलो की नखाएवढा भाग साफ व्हायचा. इपॉक्सी लावणाऱ्याला लागली असतील पाच मिनिटं. लाकडाला सुतारी गोंद नाहीतर सरस (जनावरांच्या कातड्यापासूनचा गोंद) लावावा, कारण पुढे कधी ब्रिज काढायची वेळ आली तर तो उष्णतेने आणि ओलाव्याने माणसासारखा सुटतो.

चिकटवण्याआधी ब्रिजची जागा मोजून घ्या, जुन्या खुणेवर विसंबू नका. डोक्याजवळच्या नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर दुप्पट करायचं. सॅडल त्याच्याही जरा मागे हवं, पातळ तारेकडे साधारण २ मिलिमीटर आणि जाड तारेकडे ४-५. सॅडल तिरकं असतं ते यासाठीच. बोल्टची भोकं योग्य जागी होती, म्हणून बोल्ट परत घातले, फक्त गोंदावर ब्रिज घसरू नये म्हणून. नेहमीचा सी-क्लॅम्प साउंडहोलमधून ब्रिजपर्यंत पोचत नाही, खोल तोंडाचा लागतो. तो आधी मिळवा आणि मगच गोंदाची बाटली उघडा. आत क्लॅम्पखाली लाकडाचा सपाट तुकडा हवा, त्यावर प्लास्टिकचा कागद, नाहीतर तो तुकडाही गिटारचा कायमचा रहिवासी होईल. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. क्लॅम्प निदान २४ तास ठेवा. मी जास्तच ठेवला, विश्वास उरला नव्हता.

बाकीचं चुटकीसरशी झालं. मान किंचित पुढे वाकली होती, ट्रस रॉड उजवीकडे पाव फेरा आवळल्यावर सरळ आली. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. बाराव्या फ्रेटवर तार फार उंच होती. तिथे १ मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं, आणि तेही खालच्या बाजूने. आता जाड तार २.५ मिलिमीटरवर आहे, पातळ २ च्या आत.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. गिटार घेतानाच लांब सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याच्या आसपास यायला हवं. फार खाली आलं तर मानेचा कोनच बिघडलाय, आणि ते घरी करायचं काम नाही. ती गिटार सरळ सोडून द्या. खुंट्यांचे स्क्रू नुसते फिरत राहतात म्हणून सोडू नका मात्र. भोकात गोंद लावून काडेपेटीच्या काडीचा तुकडा बसवायचा, वाळला की स्क्रू पुन्हा धरतो.