आमची वाटचाल : नुसत्या ग्रीसिंगवर उभं राहिलेलं वर्कशॉप

आम्ही वर्कशॉप काढलं तेव्हा विकायला आमच्याकडे काहीच नव्हतं, ना नव्या सायकली, ना टायर, ना हेल्मेट. एक रिपेअर स्टँड, कोन पाने, ॲलन कींचा सेट आणि ग्रीसचा डबा, संपलं. सगळे म्हणायचे नुसत्या सर्व्हिसिंगवर पोट भरत नाही, माल विकावा लागतो. पण रोड बाइक चालवणाऱ्या ओळखीच्या लोकांची रड एकच होती की सायकल सर्व्हिसिंगला दिली की धुवून पुसून चेनला तेल मारून परत येते, आतलं कोणी उघडून बघतच नाही. मग म्हटलं आपण उघडूया, तेवढंच करूया.

सुरुवातीची बरीचशी कामं आवाजाची. बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) वाजतोय म्हणून सायकल यायची आणि बीबी बिचारा ठणठणीत असायचा, खरा आवाज कोरड्या सीटपोस्टचा (सीटच्या दांड्याचा) नाहीतर पेडलच्या आट्यांचा. फ्रेमच्या नळ्या पोकळ, त्यामुळे आवाज होतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडे. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज बंद झाला तर आधी सीट आणि सीटपोस्ट बघायची, खाली काही खोलायची गरज नाही. पेडल काढून आटे पुसायचे, ग्रीसचा हात द्यायचा आणि 35 ते 40 न्यूटन मीटरला आवळायचं, बऱ्याच सायकली एवढ्यावरच गप्प होतात. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून लावून ॲलन की वाकवून आलेली माणसं पाहिलीत आम्ही.)

काम वाढलं तशी मदतीला मुलं घेतली, आणि नव्या मुलाला आजही पहिलं कप-कोनचं हबच (चाकाचा मधला भाग, ज्यात सुटे छर्रे कप आणि कोन यांच्यामध्ये फिरतात) देतो. मागच्या हबात साधारण दोन्ही बाजूंना पाव इंची 9-9 छर्रे, पुढच्यात 3/16 इंची 10-10. जुनं ग्रीस काळं झालेलं असतं, पाणी शिरलं असेल तर दुधाळ किंवा तांबूस. सगळं काढून कप रॉकेलने धुवायचा, कोरडा करायचा, कोनवर नख फिरवून खड्डे पडलेत का बघायचं, खड्डा लागला तर कोन बदलायचा, तिथे ग्रीस कितीही भरलं तरी उपयोग नाही. मग कपात नवं ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा बसवायचा, ग्रीसच त्यांना धरून ठेवतं. खरी परीक्षा यापुढे, क्विक रिलीजच्या (लिव्हरने झटकन काढता येणाऱ्या) चाकात कोन आवळताना अगदी किंचित प्ले (ढिलेपणा) ठेवावा लागतो कारण लिव्हर दाबली की एक्सेल दबतो आणि तो प्ले तिथे मरतो. टेबलावर एकदम टाइट आणि छान वाटणारं चाक सायकलला लावलं की जड फिरतं ते यामुळेच. हे ज्याच्या हाताला कळलं तो मुलगा टिकतो, बाकीचं शिकता येतं.

ग्रीस कुठे नको हे गिऱ्हाइकाला पटवण्यात आमचा निम्मा वेळ गेला असेल. चेनवर ग्रीस थापून आणणारे अजून आहेत, त्यात धूळ बसून घासायची पेस्टच तयार होते. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, तिला घट्ट धरणारी कार्बन पेस्ट लागते. फ्रीहबच्या (मागच्या चाकातला, पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) पॉल्सना (आतल्या खटक्यांना) घट्ट ग्रीस भरलं की ते आतच चिकटून बसतात आणि चढावर जोर लावताना पाय एकदम मोकळा सुटतो, हे पडायचं काम आहे. आणि बेअरिंगमध्ये डब्ल्यूडी-फोर्टी मारणारे! अहो तो 1953 मध्ये पाणी हटवून गंज रोखायला बनवलेला स्प्रे आहे, जिथे तिथे आत मारला की असलेलं ग्रीससुद्धा पातळ होऊन निघून जातं.

मधे बराच काळ धंदा रेंगाळला. प्रेशर वॉशरने झटपट वॉशिंग सुरू करा, गर्दी होईल असा सल्ला सगळ्यांनी दिला, आम्ही बादली ब्रशच ठेवला कारण त्या दाबाने पाणी सीलच्या आत जातं आणि आपणच भरलेलं ग्रीस आपणच धुवून काढायचं हे काही पटेना. त्याऐवजी प्रत्येक सायकलचं कार्ड केलं, काय उघडलं, कुठलं ग्रीस भरलं (लिथियमवालं आणि क्ले म्हणजे मातीवालं ग्रीस एकमेकांत मिसळलं की पातळ होऊ शकतं, म्हणून नोंद हवीच), चेन किती ताणली. चेनचा गेज आम्ही गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. 11 आणि 12 स्पीडला (मागे तेवढे गिअर असलेल्या सायकलला) चेन 0.5 टक्के ताणली की बदलायची, त्याहून जुन्या सिस्टमला 0.75 पर्यंत चालतं. स्वतः गेज घालून बघितल्यावर कोणी म्हणत नाही की हे उगाच पार्ट खपवतायत. चेन वेळेवर बदलल्याने कॅसेट (मागची दातेरी चाकं) कमी विकल्या जातात आमच्याकडे, त्यात नुकसान आहेच थोडं, पण तीच माणसं सायकल घेऊन परत येतात आणि बरोबर मित्रालाही आणतात.

आता सीलबंद बेअरिंग आल्याने छर्रे मोजायची कामं कमी झालीत. सील पातळ पात्याने अलगद उचलून, धुवून, पुन्हा ग्रीस भरता येतं पण फिरवताना खरखर लागली तर सरळ नवीन. हबात बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा म्हणून प्रेस घेतला, हातोडी त्या टेबलावरून हद्दपार. हायड्रॉलिक ब्रेकसाठी मात्र वेगळं टेबलच केलंय, ग्रीसचे हात तिथे न्यायचे नाहीत, पॅडला एक बोट लागलं तरी ब्रेक किंचाळायला लागतो. ब्रेकमध्ये भरायच्या मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइडच्या सिरिंजसुद्धा वेगवेगळ्या रंगाच्या टेपने बांधून ठेवल्यात. हल्ली चेन वॅक्सिंगची (चेनला तेलाऐवजी मेण लावायची) मागणी वाढतेय तर तेही सुरू केलंय, फक्त येताना दोन चेन आणा, एक सायकलवर राहील आणि दुसरी आमच्याकडे, कारण कंपनीचं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय वॅक्स धरत नाही आणि त्याला वेळ लागतो.