मागच्या सीटवर सरकार

उद्या सीएफआयची (उड्डाण-प्रशिक्षक होण्याची) चेकराइड, म्हणजे विमान उडवून द्यायची परीक्षा. सकाळी कळलं की परीक्षकासोबत एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याचा, इन्स्पेक्टरही येणार आहे. तो खरं तर परीक्षकाला तपासायला येतोय, मला नाही. पण बसणार माझ्याच विमानात, मागच्या सीटवर. सुनेच्या स्वयंपाकाला सासूबरोबर आजेसासूही!

आधी वजनाचं गणित पुन्हा मांडलं. आमच्या सेसना १७२ एसची मर्यादा २५५० पौंड. टाक्या फुल म्हणजे वापरता येणारं ५३ गॅलन, ३१८ पौंड पेट्रोलचेच. त्यात तीन धडधाकट माणसं बसत नाहीत. सरकारला वजन विचारायचं कसं, हा वेगळाच पेच. शेवटी इंधनच कमी घ्यायचं ठरवलं. फिनिक्सच्या या उकाड्यात विमान हलकं असलेलंच बरं.

दुपारी लॉगबुकातली स्पिन ट्रेनिंगची (गिरक्या घेत कोसळणारं विमान सावरण्याच्या प्रशिक्षणाची) सही तीनदा उघडून पाहिली. आहे, आहे.

संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लावून आईला 'एट्स ऑन पायलॉन्स' (जमिनीवरच्या दोन खुणांभोवती आठाचा आकडा काढत उडणं) शिकवलं. उंची काढायची ती अशी: ग्राउंडस्पीडचा, म्हणजे जमिनीच्या तुलनेतल्या वेगाचा वर्ग, भागिले ११.३. वेग १०० नॉट असेल तर जमिनीपासून साधारण ८८५ फूट. त्या उंचीवर पंखाचं टोक खुणेवर खिळून राहतं. पुढे वाटी, मागे डबा ठेवून मी हातानेच विमान फिरवत होतो. आई म्हणाली, "आणि वारा आला तर?"

हाच प्रश्न उद्या येणार आहे! उत्तर येत होतं, पण अडखळलो. वाऱ्याने जमिनीच्या तुलनेतला वेग बदलला की उंचीही बदलायची, एवढंच तर सांगायचं होतं.

आता पुन्हा एकदा म्हणून बघतो. या वेळी वाटीला शिकवतोय.