बारा ब्लाइंडवर कसलं आलंय कौशल्य?

दिवाळीत लातूर-नांदेडकडं तीन पत्ती खेळणारी मंडळी पोकरलाही तोच न्याय लावतात: पत्ता पडला, गडी जिंकला. टूर्नामेंटपुरतं ते फारसं खोटं नाही. कॅश गेमला, म्हणजे जिथं चिप्स हेच थेट पैसे असतात, हा न्याय मात्र लागू पडत नाही.

पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायची रक्कम; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड, आणि चिप्स तिच्यातच मोजतात. कॅशला माणूस साधारण 100 बिग ब्लाइंड घेऊन बसतो. आधी 3 चा रेझ (बोली वाढवणं), मग फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) 4, टर्नवर (चौथा पत्ता) 10, रिव्हरवर (पाचवा) 25 लावले तरी 58 उरतात. समोरच्याला चुकायला चार जागा मिळाल्या. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड घड्याळावर वाढतात. चिप्स 24,000 आणि ब्लाइंड 1,000-2,000 झाले, की तुमच्याकडं फक्त 12 ब्लाइंड. मग एक तर सगळं लावा, नाही तर पॅक व्हा.

दोन एक्के दोन राजांपुढं 82 टक्के जिंकतात. पण तुमच्याहून मोठ्या ढिगाशी अशी गाठ पाच वेळा पडली, तर पाचही वेळा तगण्याची शक्यता 37 टक्केच. कॅशला हरलात तर पुन्हा चिप्स घेता येतात, इथं खुर्ची सोडावी लागते.

टूर्नामेंटचं खरं कौशल्य बक्षिसांच्या हिशेबात आहे, आणि बहुतेक जण तिथंच मार खातात. तिघं उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसं 50, 30, 20 हजार. प्रत्येकाचा वाटा आत्ता 33.3 हजारांचा. समोरच्यानं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि तुम्ही कॉल करून (तेवढ्याच लावून) जिंकलात तर तो 43.3 होतो, हरलात तर 20. मिळणार 10, जाणार 13.3. म्हणून कॉलला 57 टक्क्यांच्या वर शक्यता हवी; कॅशला निम्मी पुरते. राण्यांची जोडी एक्का-राजापुढं 54 ते 57 टक्के. कॅशला आनंदानं कॉल, इथं तीच जोडी टाकलेली बरी. (हातातल्या राण्या टाकायला लई जिवावर येतं, ते वेगळं.)

कॅशमध्येही नशीब घाईनं हटत नाही. शंभर हातांमागं 5 ब्लाइंड कमावणारा, शंभर हातांमागचा चढउतार (प्रमाण विचलन) 90 ब्लाइंडचा, असा चांगला खेळाडू 10,000 हातांनंतरही 29 टक्के वेळा तोट्यातच असतो. एक लाख हातांनंतर ते प्रमाण 4 टक्क्यांवर येतं. टूर्नामेंटला बक्षिसाचा मोठा वाटा वरच्या दोन-तीन जागांत, त्यामुळं शेकडो स्पर्धा झाल्या तरी चित्र धूसरच.

2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशावरचे ऑनलाइन खेळ बंद करताना कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. हिशेब तपासायला चिंचोके पुरतात: तिघांना वीस-वीस वाटा, ब्लाइंड एक-दोनचे ठेवा आणि दर दहा मिनिटांनी दुप्पट करा.