पाणीपण अडकतं का?

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर चक्क रिक्षावाल्याने विचारलं. मी पोटाच्या आजारांवर रिसर्च करते म्हटलं की समोरचा आधी स्वतःची अ‍ॅसिडिटी सांगून मोकळा होतो, आणि मग मी अकॅलेशियावर, म्हणजे घास अन्ननलिकेतून पोटात न उतरण्याच्या आजारावर काम करते, वर्षाला लाखात साधारण एखाद्यालाच नव्याने होतो तो, असं सांगितलं की म्हणतो, अहो मग मूठभर लोकांसाठी कशाला डोकं घालवताय, अ‍ॅसिडिटीवर काढा ना काहीतरी. मावशी तर दर दिवाळीला हेच विचारते.

तर मूठभर लोकांसाठी कशाला, हे तुम्हीही विचाराल, म्हणून सांगते.

घास आपोआप खाली पडतो असं वाटतं ना? तो ढकलला जातो. डोकं खाली पाय वर करून पाणी प्यायलात तरी पोटात पोचेल (करून बघू नका). साधारण २५ सेंटीमीटरची अन्ननलिका, तिच्या तळाशी स्नायूंचं एक कडं, एरवी आवळलेलं, गिळलं की सैल पडतं. आता आवळ म्हणून सांगणाऱ्या चेतापेशी वेगळ्या आणि सैल पड म्हणून सांगणाऱ्या वेगळ्या. अकॅलेशियात या दुसऱ्या मरतात. मग दार उघडत नाही, वरची नळी ढकलायचं सोडून देते, आणि भात पोळी पाणी सगळं वरच साचत राहतं, रात्री आडवं झालं की उशीवर येतं. बऱ्याचदा ते आंबट नसतं, कारण पोटापर्यंत पोचलेलंच नसतं.

हे सगळं मी रेसिडेंट असताना पाठ होतं मला. तरी एक बाई ओपीडीत तीनदा आल्या, जेवलं की उलटी, छातीत जळजळ, आणि तिन्ही वेळा मीच त्यांना अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली, सकाळी उपाशीपोटी एक. एंडोस्कोपी नॉर्मल होती. तिसऱ्यांदा तर मी केसपेपरवर ‘टेन्शन?’ असं लिहिलं, ते प्रश्नचिन्ह आजही डोळ्यासमोर येतं. चौथ्यांदा सासू बरोबर आली, तक्रार करायलाच. म्हणाली, ही कुणाच्या पंगतीला बसत नाही, सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात उभ्याने जेवते, घासागणिक तांब्याभर पाणी, दोन्ही हात वर आणि टाचांवर उड्या, नाटकं सगळी. नाटकं कसली, बाई वरच्या पाण्याच्या वजनाने घास खाली रेटत होत्या! मी पहिल्यांदाच विचारलं, पाणीपण अडकतं का? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. गाठबिठ असेल तर बहुतेक वेळा आधी पोळी अडकते, मग भात, पाणी शेवटी. घास आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल तर भानगड ढकलण्या-उघडण्याची असू शकते, हे पुस्तकात असतंच की.

मग मॅनोमेट्री केली, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी. नाकातून बारीक नळी, तिच्यावर सेंटीमीटर-सेंटीमीटरवर ३६ सेन्सर, आणि ५ मिलीचे १० घोट. स्क्रीनवर दाब रंगात दिसतो. तुमच्या-माझ्या घोटाला एक तिरका पट्टा वरून खाली उतरतो. त्यांच्या स्क्रीनवर वर नुसतं निळं आणि तळाशी एक आडवी लाल रेघ, दहाही घोटांना जशीच्या तशी.

उपचार आहेत, पेशंटना बरंही वाटतं. पण गंमत बघा, १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने व्हेलच्या हाडाला स्पंज बांधून पेशंटला घास खाली लोटायला दिला होता, १९१३ मध्ये जर्मनीत हेलरने ते कडं बाहेरून कापलं, २००८ मध्ये जपानमध्ये इनोऊए यांनी तोंडातून दुर्बीण घालून आतून कापलं, आणि तिघांचंही म्हणणं एकच, दार उघडत नाही ना, तोडा. मेलेल्या पेशी कुणीच परत आणत नाही. आणि तोडलेल्या दारातून पुढे अ‍ॅसिड वर येतं, म्हणजे फिरून तुमच्याच अ‍ॅसिडिटीवर आलो की नाही? तुमचं कडं नको तेव्हा उघडतं, यांचं हवं तेव्हा उघडत नाही, कडं तेच.

पेशी मरतात कशाने? शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते असा दाट संशय आहे. २०१४ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी १,०६८ पेशंटांचे जीन तपासले तेव्हा प्रतिकारशक्तीच्याच एका जीनमध्ये धागा सापडला. हजार पेशंट जमवायला कितीतरी हॉस्पिटलं एकत्र यावी लागतात, दुर्मिळ आजारात निम्मं काम फोन आणि परवानग्यांचंच असतं.

माझं काम त्यामानाने बारीक आहे. ऑपरेशनच्या वेळी त्या कड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मिळतो, तो कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या. तुलनेसाठी निरोगी तुकडा लागतो आणि तो कोण देणार, म्हणून कॅन्सरसाठी अन्ननलिका काढलेल्यांचा, गाठीपासून लांबचा भाग मागून घेतो. बहुतेक स्लाइडवर मोजायला काही नसतंच, कारण लोक आमच्याकडे पोचेपर्यंत चार-पाच वर्षं गोळ्या खाऊन आलेले असतात. दुपारभर शून्य, शून्य, शून्य लिहायचं.

गेल्या महिन्यात एका स्लाइडवर सहा दिसल्या, शाबूत, आजूबाजूला सुजेच्या पेशींचा नुसता घोळका. त्या पोराला त्रास सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते, एवढ्या लवकर आमच्याकडे आलेला तो पहिलाच. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोन करून पाठवला होता, म्हणाले, मॅडम, याला पाणीपण अडकतंय.