गळ्यापुरते कापड

सोळाव्या शतकातल्या युरोपीय व्यक्तिचित्रांसमोर उभे राहिले, की बहुतेकांचे लक्ष आधी मखमलीकडे, जरीकडे आणि मोत्यांकडे जाते. शिवणकामाची खोड लागलेल्या माणसाचे मात्र झग्याच्या चौकोनी गळ्यातून वर मानेपर्यंत आलेल्या पातळ पांढऱ्या कापडावर अडकते. या कापडाला पार्टलेट म्हणतात. त्याला बाह्या नसतात आणि कंबरेपर्यंतची लांबीही नसते. खांदे, छातीचा वरचा भाग आणि मान एवढेच झाकण्यासाठी ते असते. कधी ते झग्याच्या आतून घालत, कधी वरून, आणि बाराबंदीसारखे काखेखाली बंद बांधून ते जागेवर ठेवता येते. अमेरिकेत रेनेसाँ फेअर नावाच्या, त्या काळच्या युरोपाचे वातावरण उभे करणाऱ्या जत्रा भरतात, त्यांतली पहिली 1963 साली लॉस एंजेलिसला भरली. अशा एका जत्रेसाठी त्या काळाचा संपूर्ण पोशाख स्वतः शिवण्याचा घाट मी घातला, तेव्हा पायघोळ झग्याला लागला नाही एवढा विचार या हातभर कापडाला लागला.

श्रीमंतांचे पार्टलेट पाहायचे असेल, तर फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातले चित्रकार ब्रोन्झिनोचे चित्र पाहावे. 1545 च्या सुमारास त्याने फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो आणि तिचा लहान मुलगा जोव्हानी यांना रंगवले आहे. एलिओनोराच्या खांद्यांवर सोन्याच्या दोऱ्यांची जाळी आहे आणि त्या जाळीच्या गाठीगाठीवर मोती आहेत. असल्या जाळीने ना थंडी अडते ना ऊन. ती केवळ ऐपत सांगते. याच्या उलट टोकाला अँटवर्पचा चित्रकार योआकिम ब्यूकेलार याच्या बाजारचित्रांतल्या बायका आहेत. भाज्यांच्या, फळांच्या ढिगांमागे बसलेल्या या बायकांच्या खांद्यांवरही पार्टलेट दिसते, पण ते साधे, अंगाबरोबर राबणारे. मी अर्थातच या दुसऱ्या गटात मोडते, आणि मला ते मनापासून मान्य आहे, कारण मोत्यांच्या जाळीपेक्षा उन्हात मान वाचवणारे कापड केव्हाही शहाणपणाचे.

चित्रांवरून शिवायला बसले, की एक अडचण लवकरच ध्यानात येते. चित्रकार समोरची बाजू केसागणिक रंगवतो, परंतु काख आणि पाठ तो कधी दाखवत नाही, आणि शिवणारीला नेमके तेच हवे असते. शिवाय चित्रातला पोशाख आणि खरोखरचा पोशाख यांत अंतर असू शकते. एलिओनोरा 1562 साली वारली. तिला चित्रातल्याच पोशाखात पुरले, असे दीर्घकाळ मानले जाई. पण 1857 मध्ये थडगे उघडल्यावर हाती आलेल्या जीर्ण वस्त्रांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा तो पोशाख वेगळाच आणि पुष्कळ साधा असल्याचे स्पष्ट झाले. म्हणून उरलेल्या खऱ्या कपड्यांच्या शिवणी भिंगातून पाहून, टाका न टाका मोजून त्यांचे नमुने कागदावर उतरवणाऱ्या जॅनेट अर्नोल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांचे आम्हा हौशी मंडळींवर मोठे ऋण आहे.

अशी खरी, धागेदोरे टिकून राहिलेली वस्त्रे थोडीच आहेत, आणि त्यांतही रोजच्या वापरातले लिनन फारच कमी. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातील धाग्यांचे कापड; आपल्याकडे जवस म्हटले की चटणी आठवते, तिकडे मात्र त्याच झाडावर घराघरातली अंतर्वस्त्रे, चादरी आणि टोप्या उभ्या होत्या. मखमल आणि रेशीम धुता येत नसे. घाम, तेल आणि मळ त्यांच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही, हे काम आतल्या लिननचे होते. ते क्षाराच्या पाण्यात उकळावे, उन्हात पसरून पांढरे करावे आणि पुन्हा अंगावर चढवावे, अशी रीत होती. झग्याच्या गळ्याशी मानेचा मळ सर्वांत आधी लागतो, त्यामुळे दिसायला नाजूक असलेल्या पार्टलेटच्या वाट्याला पोशाखातली सर्वांत कष्टाची चाकरी येते. धुऊन धुऊन ते विरले की त्याच्या चिंध्या होत, आणि त्या काळी युरोपात कागद अशाच चिंध्यांपासून बनत असल्यामुळे कित्येक गळ्यांवरची कापडे अखेरीस छापखान्यात गेली असणार. पुस्तके उरली आणि पार्टलेटे उरली नाहीत, याचे हे एक कारण असावे.

बेतण्यात काही अवघड नाही. पाठीचा एक तुकडा, पुढचे दोन, खांद्यांवर शिवण, गळ्याला उभी पट्टी आणि पट्टीच्या वरच्या काठाला झालर. कापड आधी धुऊन आटवून घ्यावे लागते. नंतर कात्री चालवण्यापूर्वी कापडातला एकच धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढून काढावा. त्याच्या जागी जी बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कापले की तुकडा अगदी सरळ येतो. खडूच्या रेघेवर माझा तितका विश्वास नाही. दोराही लिननचाच घ्यावा आणि त्याला मेण लावावे, नाहीतर तो प्रत्येक ओढीला पिंजतो आणि गुंता होतो. खांद्याच्या कच्च्या कडा आत दुमडून चपटी शिवण घातली, की उलटी बाजूही सुलटीइतकीच स्वच्छ राहते. ही शिवण मशीनवर घातली तर कुणाच्या लक्षात येणार नाही, हे खरे. दुकानांत झिप लावलेली, चकचकीत कृत्रिम साटिनची तयार पार्टलेटेही मिळतात, आणि ज्यांना ती आवडतात त्यांनी ती खुशाल घालावीत. माझ्यापुरते मी एवढेच ठरवले आहे, की जी शिवण दिसते ती हाताने घालायची आणि जी कुणालाच दिसत नाही तिच्याबाबत त्या दिवशीच्या उत्साहाप्रमाणे ठरवायचे.

झालरीबाबत मात्र अशी मुभा नाही. मानेचा घेर 14 इंच धरला आणि तिप्पट कापड घेतले, तर पट्टी 42 इंचांची होते. तिची कड जितकी बारीक दुमडावी तितकी झालर हलकी राहते, आणि इंचाला 12 टाके धरले तर एका काठालाच 500 हून अधिक टाके पडतात. त्यानंतर चुण्या. एकसारख्या अंतराने दोन समांतर धावदोरे घालायचे, ते सारख्या जोराने ओढायचे आणि उभ्या राहिलेल्या प्रत्येक चुणीचा माथा पट्टीला स्वतंत्र टाक्याने जोडायचा. हे काम कंटाळवाणे आहे असे लोक म्हणतात. मला ते तसे वाटत नाही, कारण दोरा ओढल्यावर सपाट चिंधी एका क्षणात आकार घेते आणि तो क्षण मला पुरेसा आहे. गळ्यापाशी फुललेल्या याच लहान झालरीतून पुढे रफ ही गोल कॉलर वाढत गेली. 1564 साली डिंगेन व्हान डेन प्लासे नावाची फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची, बाई लंडनमध्ये येऊन खळ करण्याची विद्या शिकवू लागली, आणि मग कापडाला ताठ उभे राहायला आधार मिळाल्यामुळे रफच्या रुंदीला धरबंध उरला नाही. माझी झालर बोटभर आहे. जेवताना ती पानात पडत नाही, हा तिचा मोठा गुण.

पट्टीवर थोडे काळे भरतकाम करण्याची इच्छा आवरता आली नाही. चित्रकार होल्बाइनने 1536 च्या सुमारास काढलेल्या, इंग्लंडची राणी जेन सीमोर हिच्या चित्रात तिच्या मनगटांपाशी पांढऱ्या कापडावर असेच काळे भरतकाम दिसते, आणि त्यातल्या दुहेरी धावदोऱ्याला आज होल्बाइनचेच नाव मिळाले आहे. जाताना एक टाका सोडून एक घालायचा, परतताना सुटलेल्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी येते. उभ्या कॉलरची आतली बाजूही दिसत असल्यामुळे हा टाका तेथे शोभतो. कर्नाटकी कशिद्यातली गवंती म्हणतात ती टाक्याची रीत हीच. इरकली लुगड्यावर ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामासाठी वेगळे शिक्षण नको.

राहिला पार्टलेट अंगावर टिकवण्याचा प्रश्न. काखेखालचे बंद खांदे सांभाळतात, पण पुढच्या कडा चालताना झग्यातून वर सरकतात, आणि त्यांच्यावर त्या काळाचा उपाय टाचणी हाच होता. इंग्लंडात टाचण्यांचा खप एवढा होता, की 1543 साली त्यांच्या घडणीबद्दल कायदा झाला आणि टाचणीचे डोके दांड्याला पक्के डाखलेले असावे, टोक नीट घासलेले असावे, असे बजावण्यात आले. ज्याने हा कायदा लिहिला, त्याच्या घरात कुणाला तरी टाचणी टोचली असावी, असा माझा संशय आहे. माझ्या मैत्रिणी आतून लपवलेले हूक लावतात आणि मलाही तोच सल्ला देतात. मी पितळी टाचण्याच लावते, त्यांची टोके कापडाच्या दोन घड्यांमध्ये लपवते, आणि जत्रेत कुणी गळामिठी मारायला आले तर त्यांना आधी सावध करते.