तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा कॉम्प्युटर उठवतं कोण?

लग्नसराईत माझ्या दुकानात कोणी ना कोणी फोटोग्राफर बसलेला असतोच. मी जळगावात बसून अमळनेरच्या घरातला कॉम्प्युटर चालू करतो, जुन्या लग्नाची फाईल काढतो, पुन्हा त्याला झोपवतो. हे पाहिलं की प्रश्न ठरलेला: "भो, हा इथून उठतो कसा? आणि दोन्हीकडे फायली सारख्या कशा राहतात?" एका चहात हे सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली तीन वर्षं त्याला आई उठवायची. मी फोन करायचो, ती मधल्या खोलीत जाऊन बटण दाबायची आणि विचारायची, "उठना का रे तो?" तिच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे 'तो', आणि तोही आळशी. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली. नेमकं त्याच दिवशी एक गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीच्या अल्बमची नवी प्रत मागायला आलं. फोटो घरच्या डिस्कवर, घराला कुलूप, आणि किल्ली माझ्याच खिशात. गाडी पकडून गेलो, फाईल घेऊन परत आलो. दिवस गेला.

चोवीस तास चालू ठेवला तर? हिशेब केला. नुसता बसलेला माझा कॉम्प्युटर साठेक वॅट खातो, म्हणजे महिन्याला 43 युनिट. वर मे महिन्यात पारा 44-45 वर, बंद घर, पत्र्याचं छप्पर. माणूस तिथे दुपारी बसत नाही, डिस्कने का बसावं?

तर उठवण्याची सोय कॉम्प्युटरमध्येच असते, तिला 'वेक ऑन लॅन' म्हणतात. मशीन बंद असलं तरी भिंतीवरच्या बोर्डाची वीज चालू असेल तर नेटवर्क कार्डाला, म्हणजे नेटची केबल लागते त्या भागाला, थोडी वीज मिळत राहते, आणि ते कान देऊन बसतं. त्याला ऐकू जाते ती 'मॅजिक पॅकेट', म्हणजे जाळ्यावरून सोडलेला एक छोटा संदेश. चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीने 1995 साली ही पद्धत मांडली. पॅकेटमध्ये विशेष काही नसतं: आधी सहा वेळा 'एफएफ' हा एक बाइटचा आकडा, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून आलेला सहा बाइटचा क्रमांक, सोळा वेळा. एकूण 102 बाइट. झोपलेल्या मशीनला आयपी पत्ता (जागेपणी जाळ्यात मिळालेला पत्ता) विचारून उपयोग नाही, म्हणून ही हाक घरातल्या सगळ्या जाळ्यात दिली जाते. दवंडीच म्हणा ना. ऐकतं सगळं गाव, उठतो तो ज्याचं नाव पुकारलं तो.

पण दवंडी वेशीबाहेर जात नाही. इथेच बहुतेकांचं अडतं. घरी मोबाइलवरून करून पाहतात, कॉम्प्युटर उठतो, खूश होतात, आणि दुकानात आल्यावर काहीच होत नाही. वेस म्हणजे आपला राउटर. त्यात भर म्हणजे आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या दारापर्यंत पोचताच येत नाही. पोचता आलं असतं तरी मी राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडं ठेवलं नसतं. या दवंडीला सहसा पासवर्ड नसतो.

म्हणून घरात कोणीतरी एक कायम जागं हवं. आईची ती नोकरी आता रास्पबेरी पाय करतो. तळहाताएवढ्या बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, वीज जेमतेम तीन-चार वॅट. तो आणि राउटर इन्व्हर्टरवर. त्याच्यावर टेलस्केल टाकलंय, म्हणजे लांबलांबची मशीन एकाच खाजगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम, तेच दुकानातही आहे. पाय आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सार्वजनिक पत्त्याची गरज पडत नाही. मी पायला सांगतो आणि पाय घरात दवंडी पिटतो. टेलस्केल थेट झोपलेल्या कॉम्प्युटरवर टाकून काम का होत नाही, असं परवा एकाने विचारलं. अहो, मशीन झोपलं की त्यातलं टेलस्केलही झोपतं!

सेटिंगमध्ये चार जागी ठेच लागते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, 'वेक' चालू हवं आणि बंद मशीनची वीज तोडणारं 'ईआरपी' बंद. विंडोजचा 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, त्यात मशीन पूर्ण बंद होत नाही. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅजिक पॅकेटला परवानगी द्या. आणि केबल लावा, वाय-फायवर वेळ घालवू नका. मशीन बंद केल्यावरही केबलच्या तोंडाशी छोटा दिवा लुकलुकत राहिला, तर समजा कान उघडे आहेत.

आता आपल्या भागाची खरी गोष्ट: लाईट. लाईट जाऊन आली की माझ्या मशीनचं कार्ड बहिरं होतं. एकदा नीट चालू होऊन बंद झाल्याशिवाय ते पुन्हा ऐकत नाही. हे कळायला मला एक अख्खा सीझन लागला. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावली. तर दिवसातून तीनदा लाईट गेली की तीनदा चालू. म्हणून अर्धा तास काम नसेल तर आपोआप झोपेल, असं केलं.

फायलींसाठी मी सिंकथिंग वापरतो, दोन्हीकडचं फोल्डर सारखं ठेवणारा प्रोग्राम. फुकट आहे, आणि माल कोणा तिसऱ्याच्या सर्व्हरवर साठत नाही, मशीन ते मशीन जातो. बदललेले तुकडेच पाठवतो, पूर्ण फाईल नाही. मात्र दोन्ही मशीन एकाच वेळी जागी हवीत, म्हणून तर उठवण्याचा हा खटाटोप. एका लग्नाचे 60 जीबी माझ्या नेटवरून, सेकंदाला पाच एमबीने, सव्वातीन तासांहून जास्त घेतात. त्यामुळे नवीन लग्न मी अजूनही हार्ड डिस्कवर टाकून पिशवीतून नेतो. रोजचं अप-डाऊन आहेच. दोन्हीकडे फोल्डर ठेवलं की सिंकथिंग फायली ताडून पाहतो आणि नंतरच्या दुरुस्त्याच पाठवतो.

एकच अल्बम दुकानात मी आणि घरी धाकट्या भावाने उघडला, तर भांडण होतं. ज्या फाईलमधला बदल जुना, तिच्या नावात 'सिंक कॉन्फ्लिक्ट' घालून ती बाजूला पडते. जात काही नाही, पण कुठली नवरी कुठल्या फाईलमध्ये हसतेय ते शोधत बसावं लागतं.

जातं ते वेगळ्या चुकीने. दुकानात जागा नव्हती म्हणून मी एकदा एक हळद-समारंभ उडवला आणि घरी गेलो तर तिथूनही उडालेला. सिंक आज्ञाधारक असतो, पुसलेलंही पोचवतो. तेव्हापासून घरच्या मशीनवर 'व्हर्जनिंग' चालू आहे, दुकानातून आलेला बदल किंवा पुसणं लागू करण्याआधी तो जुनी प्रत बाजूला ठेवतो. घरचं मी घरीच पुसलं तर ते वाचवत नाही, एवढं लक्षात ठेवा. शिवाय एक डिस्क आईच्या कपाटात, साड्यांखाली, कशालाच न जोडलेली.

हे सगळं जमलं त्या रात्री दुकानातून पहिल्यांदा हाक दिली. उठला. दोन मिनिटांनी गायब. पुन्हा हाक, काही नाही. पुन्हा, काही नाही. शेवटी आईला फोन केला. मधल्या खोलीत कोणी नसताना तो आपोआप घरघरायला लागला म्हणून तिने भिंतीवरचं बटणच बंद करून टाकलं होतं. त्या बटणावर आता खाकी चिकटपट्टी आहे.